नरकासुराची आई कुठे होती? एका वाड्यावरच्या वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी. मी पेशाने शिक्षक. या देवळाच्या जत्रेतलं नाटक बरीच वर्षं मी बसवतो. देवस्थान समितीतल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी दाढीमिशा चिकटवल्या आहेत आणि वाड्यावरच्या पोरांपैकी बऱ्याच जणांना शाळेत बाकावर उभं केलं आहे. या प्रकरणात मी मध्ये पडलो तो एवढ्याच भांडवलावर.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे तिठ्या-तिठ्यावर नरकासुर उभे राहतात. बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा, वर जुनी वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ, सगळ्यावर रंग, पोटात फटाक्यांच्या माळा. मुखवटा कुणी मातीच्या साच्यावर घरी करतात, कुणी बाजारातून आणतात. रात्रभर गाणी, स्पर्धा, बक्षिसं. पहाटे कृष्णाचा वेश केलेलं एखादं पोर चक्र सोडतं, नरकासुर पेटतो आणि माणसं घरी जाऊन उटणं लावून आंघोळ करतात, अंगठ्याखाली कारीट फोडतात, फोव म्हणजे पोहे खातात. दिवाळी सुरू होते ती तिथून.

या वाड्यावरचा नरकासुर अठरा फुटांचा असे. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे हलणारे हात. वेल्डिंगचं काम करणारा एक तरुण गाडीच्या वायपरची मोटर आणि स्कूटरची बॅटरी जोडून ती करामत करायचा. हा तरुण ख्रिस्ती, घर चार उंबरे पलीकडे. लहानपणापासून तो नरकासुराच्या मांडवात असे आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

अडचण

त्या वर्षी पोरांनी ठरवलं की नरकासुराला एका नुकत्याच गाजलेल्या सिनेमातल्या खलनायकाचा चेहरा द्यायचा. तीच दाढी, तोच डोळ्याखालचा व्रण. स्पीकरवर त्याचेच संवाद लावायचे. दिवाळीला दोन आठवडे असताना त्यांनी मोबाइलवर एक रील सोडली: अंधार, धूर, लाल डोळे आणि खाली "तो येतोय". टी-शर्टही छापून घेतले, पाठीवर नरकासुर. कृष्णाचा पत्ता कुठेच नव्हता.

देवस्थान समितीतल्या एका ज्येष्ठ काकांनी ती रील वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "आता असुराची जयंती साजरी करा." पोरांनी हसण्याचे चेहरे पाठवले. काका बिथरले. मग नेहमीचा क्रम: श्रद्धा दुखावली, आमची श्रद्धा तुम्ही शिकवू नका, तुमच्या वेळी पत्त्यांचे डाव चालायचे ते काय होतं. तिसऱ्या दिवशी मुंबईत राहणाऱ्या एकाने लिहिलं, "मुळात हे बांधतो कोण ते बघा." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून वेल्डर मांडवात येईनासा झाला. सांगाडा एका हाताने उभा राहिला. समितीने निरोप पाठवला: चेहरा बदलला नाही तर देवळाच्या मीटरवरून वीज नाही, आणि देवळामागची जागाही नाही. हातात दहा दिवस होते.

समोर असलेले पर्याय

समितीच्या दोघा-तिघांनी आणि पोरांच्या म्होरक्याने मला वेगवेगळं गाठलं, आणि दोघांनाही मी आपल्याच बाजूचा वाटत होतो. मला चार वाटा दिसत होत्या.

पहिली, समितीचं म्हणणं तसंच राहू द्यायचं. मग पोरं रस्त्यावर तिठ्यावर जाणार, कुठल्या तरी पुढाऱ्याकडून जनरेटर आणणार. पलीकडच्या एका वाड्यावर हेच झालं होतं, आणि तिथला नरकासुर आता वाड्याचा राहिलेला नाही, पुढाऱ्याच्या बॅनरचा झाला आहे.

दुसरी, आवाजाचा मुद्दा पुढे करून पोलिसांत तक्रार. कायदा स्पष्ट आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकारला वर्षातले फार तर 15 दिवस सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पण भांडण आवाजाचं नव्हतंच. खऱ्या कारणासाठी खोटं हत्यार वापरलं की ते पुढच्या वर्षी आपल्यावर उलटतं.

तिसरी, चेहरा बदला आणि बाकी सगळं ठेवा. समितीला हेच हवं होतं. पोरंही कुरकुरत मानली असती. मला मात्र ते पोकळ वाटलं. सिनेमातला चेहरा काढून बाजारातला मुखवटा बसवला, तरी रात्रभर वाजणार तीच गाणी, आणि कृष्ण तोच प्लॅस्टिकच्या खुर्चीत झोपलेला. दर वर्षीचं ते चित्र डोळ्यांसमोर आहे: पहाटे साडेतीनला आठ वर्षांचा कृष्ण मान टाकून झोपलेला, गालावरचा निळा रंग खुर्चीच्या पाठीला लागलेला, मुकुट कुणाच्या तरी बाइकच्या आरशाला अडकवलेला. याबद्दल श्रद्धावंतांपैकी कुणीही आजवर चकार शब्द काढला नव्हता.

चौथी वाट मला तेव्हा नीट मांडताही येत नव्हती. मी म्हटलं, आधी सगळ्यांनी एकदा बसून गोष्ट सांगू या. चेहऱ्याचं नंतर बघू.

पहिला निर्णय: वेल्डरच्या घरी जाणं

बैठकीच्या आधी त्याच्याकडे जायचं की बैठकीत विषय काढायचा, यावर मी एक रात्र घालवली. ग्रुपवर उत्तर लिहिलंही होतं. 1616 साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत, पुराण म्हणून छापली. त्या गोव्यात कुणाची गोष्ट कुणी सांगायची हे आता तुम्ही मुंबईतून ठरवणार का, असं काहीसं. लिहिलं, दोनदा वाचलं आणि पुसलं. शिक्षकाची खोड, चूक दाखवली की काम झालं असं वाटतं.

घरी गेलो तर त्याची आई दारातच होती. "सर, त्याला नका बोलावू," म्हणाली. "काम करायला चालतो, मग असं कोणी बोलतं." मी तिला काही समजावलं नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच. तिने चहा केला. वेल्डर आतून येऊन बसला. म्हटलं, "हात लावायला येऊ नकोस. गोष्ट ऐकायला ये." तो म्हणाला, "गोष्ट काय, मला माहीत आहे." मी म्हटलं, "मग सांगायला ये."

दुसरा निर्णय: सगळ्यांना गोष्ट सांगायला लावणं

देवळाच्या चौकात चटया टाकून बसलो. पंधरा-सोळा पोरं, समितीचे पाच जण, पुरोहित, आणि मागे खांबांपाशी बायका. बोलणं अर्थात कोकणीत झालं. हे टिपण मात्र मराठीत लिहितोय; बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत, नाटकाच्या तालमींमध्ये होतं तसं.

पोरांची गोष्ट दोन वाक्यांत संपली. राक्षस वाईट होता, कृष्णाने मारला. मग काका सरसावले. त्यांनी रंगवून सांगितली: नरकासुराचं गडगडाटी हसू, आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण, मरता मरता त्याने काढलेले उद्गार. उद्गार तर त्यांनी हिंदीतच म्हटले. खांबामागून त्यांच्या घरचाच आवाज आला, "हे तर टीव्हीवरचं." क्षणभर शांतता, आणि मग सगळा चौक हसला. काकांनीही हसून घेतलं. पण एक गोष्ट तिथे उघडी पडली. ज्या "मूळ" कथेसाठी पोरांना दटावलं जात होतं, तीही एका पडद्यावरूनच आली होती, फक्त आधीच्या पिढीच्या. मी हे बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम बहुतेक तेवढंच.

मग पुरोहितांनी भागवत सांगितलं. दहाव्या स्कंधाचा 59 वा अध्याय. त्यात नरकासुराला भौम म्हटलं आहे, भूमीचा मुलगा. त्याने अदितीची कुंडलं पळवली, वरुणाचं छत्र नेलं, सोळा हजार राजकन्या कोंडून ठेवल्या. प्राग्ज्योतिषपुराच्या वेशीवर पाच डोक्यांचा मुर राखण करत होता; त्याला मारलं म्हणून कृष्ण मुरारी. आणि कृष्ण एकटा गेला नव्हता, गरुडावर शेजारी सत्यभामा होती. "सत्यभामा?" एका पोराने विचारलं. "आपल्याकडे तर ती कधीच नसते."

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. प्राग्ज्योतिषपूर म्हणजे आताच्या गुवाहाटीचा परिसर. तिथे नरकासुराच्या नावाची टेकडी आहे, आणि कामरूपच्या जुन्या राजघराण्यांनी आपला वंश त्याच्यापासून सांगितला. तिकडची एक दंतकथाही तिने सांगितली: नरकाला कामाख्या देवीशी लग्न करायचं होतं, देवीने अट घातली की कोंबडा आरवायच्या आत डोंगरावर पायऱ्या बांध, आणि पायऱ्या पुऱ्या व्हायला आल्या तेव्हा कोंबड्याला मुद्दाम लवकर आरवायला लावलं. काका म्हणाले, "म्हणजे तिथे तो देव?" ती म्हणाली, "देव नाही काका, पूर्वज." काकांना ते पचलं नाही, पण ते गप्प बसले.

इतका वेळ वेल्डर चटईच्या कडेला होता. त्याने पुरोहितांना विचारलं, "भूमीचा मुलगा ना? मग मारला तेव्हा त्याची आई कुठे होती?"

पुरोहित म्हणाले, "भागवतात ती नंतर येते. कुंडलं परत करते, नातवाला कृष्णाच्या पायांवर घालते, त्याला अभय दे म्हणते. तो भगदत्त. पुढे महाभारतात कौरवांच्या बाजूने हत्तीवरून लढला तो." थोडं थांबून म्हणाले, "दक्षिणेकडे सांगतात की सत्यभामा हीच भूमी. तिच्याच हातून तो मरतो."

खांबांपाशी चुळबुळ झाली. ज्या चेहऱ्यावरून बैठक बोलावली होती, तो विषय पंचवीस मिनिटं कुणी काढलाच नाही.

तिसरा निर्णय: काय ठेवायचं, काय काढायचं

शेवटी ठरलं ते असं. चेहरा पोरांचा पोरांनी ठरवावा, पण सिनेमातले संवाद वाजवायचे नाहीत. गाणी 12 वाजता बंद. पेटवण्याआधी बारा-पंधरा मिनिटांचा प्रवेश: कृष्ण, सत्यभामा आणि भूमी. भूमीचं काम अंगणवाडीतल्या ताईंनी करायचं. पोरांनी आपणहून दाढी बदलली. डोळ्याखालचा व्रण मात्र ठेवला, तो बघून खलनायक ओळखू येतच होता. समितीने तिकडे काणाडोळा केला.

संहिता मी लिहिली, आणि इथे माझं चुकलं. देवळातलं नाटक मराठीत, म्हणून हाही प्रवेश मराठीत, असा माझा हट्ट. पोरं कोकणी म्हणत होती. मी त्यांना परंपरा वगैरे सांगितली. तिसऱ्या तालमीला ताई "बाळा, तुला मीच वाढवलं" या वाक्यावर अडखळल्या, थांबल्या, आणि "पुता" म्हणाल्या. तेवढा एकच शब्द. वेल्डर तेव्हा शिडीवर मोटरचा पट्टा घट्ट करत होता. पाना हातातच राहिला आणि तो खाली बघत उभा राहिला. मी त्या रात्री भूमीचा सगळा भाग कोकणीत उतरवून काढला. कृष्ण-सत्यभामेचं मराठीच राहिलं. देव मराठी बोलतात आणि आई कोकणी, हे आमच्याकडे कुणालाच विचित्र वाटलं नाही. घरात आणि देवळात आम्ही तसंच तर बोलतो.

ती रात्र

गाणी 12 ला बंद व्हायची ती 12 वाजून 40 मिनिटांनी झाली, तीही मी स्वतः स्पीकरपाशी जाऊन उभा राहिल्यावर. अडीचच्या सुमारास स्पर्धेचे परीक्षक गाडीतून आले, पाच मिनिटं थांबले, हात हलताना पाहिले, मुखवट्याचा फोटो काढला आणि गेले. प्रवेशाला गुण नव्हतेच. बक्षीस मिळालं नाही. पोरं हिरमुसली, त्यातली सात-आठ दुसऱ्या वाड्यावरचा विजेता बघायला निघून गेली.

पहाटे पावणेपाचला प्रवेश सुरू झाला तेव्हा समोर साठ-सत्तर माणसं असतील. एक वाजता याच्या चौपट होती. पण आंघोळीचं पाणी तापत ठेवून बायका आल्या होत्या, हे पहिल्यांदाच. वेल्डरची आईही होती, रस्त्याच्या कडेला, शाल घेऊन.

ताईंनी काम फार चांगलं केलं. जरा जास्तच. कृष्ण झालेला पोरगा सायकलच्या रिमला चांदीचा कागद लावून केलेलं चक्र हातात धरून उभा होता, दोरी सोडायची एवढंच त्याचं काम. भूमीचं बोलणं संपलं. दोरी सुटेना. पोराने ताईंकडे बघितलं आणि माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मारू?"

ताईंना उत्तर सुचलं नाही. संहितेत नव्हतंच. गर्दीतून काका ओरडले, "मार रे, उजाडतं!"

काय साधलं, काय नाही

वाड्याचा नरकासुर वाड्यात राहिला, देवळामागेच. वीज देवळाची. पुढच्या वर्षी कृष्ण व्हायला तीन मुलं तयार होती आणि सत्यभामेसाठी दोन मुलींचं भांडण झालं. ही माझ्या लेखी मोठी गोष्ट.

पण तक्रार संपली नाही, तिने कूस बदलली. काकांचं म्हणणं, आता लोकांना असुराची कीव येते, हे सिनेमापेक्षा वाईट. पुरोहितांचा आक्षेप जास्त नेमका होता: भागवतात भूमी रडत नाही, स्तुती करते; तुम्ही तिच्या तोंडी मुलाचा शोक घातलात, तो तुमचा, व्यासांचा नाही. बरोबर आहे. मी त्यांना म्हटलं की लोककथेत इतकं चालतं. ते म्हणाले, "चालतं म्हणून तुम्हाला सोपं गेलं."

पोरांनी ताईंच्या आवाजाची रील केली आणि खाली त्याच सिनेमाचं पार्श्वसंगीत टाकलं. वाड्यावर सगळ्यांनी बघितली, कित्येकांनी डोळे पुसले म्हणे. ताईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या महिनाभर पोरांशी बोलत नव्हत्या.

वेल्डर पुढच्या वर्षी नव्हता. एका क्रूझ जहाजावर नोकरी लागली, आमच्याकडच्या पोरांना लागते तशी. ग्रुपवरच्या त्या वाक्याशी त्याचा संबंध होता की नव्हता, मी विचारलं नाही. मोटर त्याच्या आईने पिशवीत घालून मांडवात पाठवून दिली. ती कुणाला नीट जोडता आली नाही. त्या वर्षी नरकासुराचे हात हलले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी ते ग्रुपवरचं वाक्य. बैठकीत गोष्ट इतकी रंगली की मी ते सोडून दिलं. वातावरण बिघडेल अशी भीती. पण लिहिणाऱ्याला फोन करून, ग्रुपवर नव्हे, एवढं सांगता आलं असतं की बाबा, ते काढ आणि त्याच्या घरी फोन कर. समितीनेही ते केलं नाही, मीही नाही. वेल्डर परत आला तो त्याच्या चांगुलपणाने, आमच्या नव्हे.

दुसरं, गाण्यांचा मुद्दा मी बारा वाजताच्या अटीत गुंडाळला. पोरं रात्रभर जागतात ती गाण्यांमुळे, प्रवेशासाठी नव्हे. एक ते पावणेपाच त्यांना काहीच काम नव्हतं. त्या वेळात ढोल-ताशा नसला तरी भजनाची एखादी साथ, निदान कृष्णाची रंगभूषा सगळ्यांसमोर करणं, काहीही चाललं असतं. मी नाटकवाला असून मला मधला वेळ दिसला नाही.

तिसरं, रीलचं आधी बोलायला हवं होतं. आवाज कुणाचा, कुठे वापरायचा, खाली काय टाकायचं. देवळातल्या नाटकात हा प्रश्न कधी येत नसे; तिथलं नाटक त्या रात्री संपायचं.

चेहऱ्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. समितीने चेहऱ्यावर अडून न बसणं हाच त्या सगळ्यातला चांगला निर्णय होता. पोरं ज्याला घाबरतात, ज्याची नक्कल करतात, तोच चेहरा असुराला देणार. आमच्या लहानपणी नरकासुराला खाकी टोपी आणि शिट्टी असायची, तेव्हा कुणाची श्रद्धा दुखावल्याचं आठवत नाही.

यंदा ताई काम करायला तयार आहेत, दोन अटींवर. चित्रीकरण विचारल्याशिवाय नाही. आणि भागवतात आहे तसं भूमीने नरकासुर जळल्यावर यावं, आधी नव्हे. कुंडलं आणून द्यावीत, नातवाला पुढे करावं. पुरोहित खूश आहेत. अडचण एवढीच की पोटातले फटाके संपेपर्यंत त्या राखेजवळ जाता येत नाही, आणि ते संपेपर्यंत लोक आंघोळीला घरी गेलेले असतात.